टिकलेले सभासद

८ एप्रिल
दिवसभर एकच मोजणी. जानेवारीत आमच्याकडे दोनशे सभासद आले, म्हणजे परदेशातली मुलं. इथे एकट्या राहणाऱ्या त्यांच्या आईवडिलांकडे आमचं माणूस आठवड्यातून दोनदा जातं. औषधं बघतं, बँकेत नेतं, गप्पा मारतं. दर तीन महिन्यांनी मुलांनी पुढे चालू ठेवायचं, नाहीतर बंद. दोनशेतले टिकले एकशे एक्केचाळीस.

सिद्धेश सर म्हणाले, "सतरा म्हातारे वारलेत ना? ते धरूच नकोस. ते काय सोडून गेले नाहीत."

नाही धरले. सत्तर टक्क्यांचे सत्त्याहत्तर झाले. सर म्हणाले, "झकास!"

सतरा नावं मीच खोडली.

११ एप्रिल
सोडणाऱ्यांना फोन करून थांबवायचं, हेही माझंच काम. आज टोरोंटोचा हर्षद परब. आई रुक्मिणी, दहिसरला एकटी. "बंद करा. मे महिन्यात मीच येतोय, दोन महिने राहणार."

मी पढवलेलं बोलले— एवढी सुट्टी कशाला घालवता? आमची श्रुतिका जाते ना आईंकडे! डिसेंबरमध्ये निवांत या. एक महिना आमच्याकडून फुकट.

तो म्हणाला, "खरंय. तुम्ही आहात म्हणून जिवाला घोर नाही."

थांबला! या महिन्यातला माझा नववा.

१९ मे
श्रुतिका ऑफिसात फणसाची साठं, उन्हात वाळवलेल्या पोळ्या, घेऊन आली. रुक्मिणीबाईंनी मुलासाठी केलेली. तिला मालवणीत म्हणाल्या, "झील काय येणा नाय. तूच खा गो बाये."

सगळ्यांनी खाल्ली. मी पोट बिघडलंय म्हटलं.

३ जुलै
रुक्मिणीबाई गेल्या. श्रुतिकाने बेल मारली, मारतच राहिली. शेवटी शेजाऱ्यांनी दार तोडलं. अग्नी त्यांच्या दिराने दिला, हर्षदच्या धाकूकाकांनी. हर्षद तेव्हा विमानात होता.

सिद्धेश सरांनी विचारलं, "हर्षद एप्रिलमध्ये टिकलेल्यांत धरलाय ना? मग तो आकडा तसाच राहू दे."

४ जुलै
मी तो फोन केला नसता तर—

१२ जुलै
राहवलं नाही. दहिसरला गेले. हर्षद एकटाच आईची भांडी खोक्यात भरत होता. सगळं सांगून टाकलं. मला तसं बोलायला शिकवलंय, आणि मी ते चांगलं बोलते, हेसुद्धा.

ओरडला असता तर बरं झालं असतं! त्याने हातातलं पातेलं कागदात गुंडाळलं. मग म्हणाला, "तुम्ही सांगितलंत. पण तिकीट मीच रद्द केलं."

चहा केला त्याने. साखर कुठे ठेवलीय ते त्याला सापडेना. तसाच प्यालो दोघं.

२६ ऑगस्ट
टोरोंटोहून हर्षदचा फोन. म्हणाला, पुन्हा चालू करायचंय.

"कोणासाठी?"

"माझ्यासाठी. आठवड्यातून एकदा कोणी फोनवर मालवणीत बोलेल का? आई बोलायची. आता कोणीच नाही."

मला मालवणी येत नाही. पण फोन ठेवला नाही.