तिसऱ्या मजल्यावरचा रिलिव्हर

सोमवार, ५ जानेवारी

आलो एकदाचा! चाकणच्या बाहेर, तिसरा मजला, दोन खोल्या आणि गॅलरी. गॅलरीतून कांद्याचे ट्रक दिसतात आणि कंपनीची बस थेट गेटपाशी थांबते. माझी बायको स्वप्नाली म्हणते, घर बघायला निघालो की मी मुलगी बघायला आलेल्या आत्याबाईसारखा नाक मुरडतो. खोटं नाही. तळेगाव आवडलं होतं, पण तिसरी शिफ्ट, म्हणजे रात्रपाळी, करून तिथवर पोचायचं म्हणजे झोपेचं खोबरं. माण गावातले घरांचे भाव ऐकून तर चहा न पिताच उठलो. म्हणून या वेळी शहाणपणा केला. आधी महिनाभर भाड्यानं राहायचं, तिन्ही शिफ्टा काढायच्या, मग घर विकत घ्यायला टोकन द्यायचं. रोज जे दिसेल ते इथं, या खिशातल्या वहीत, लिहायचं.

भोसरीच्या खोलीत मी रात्रपाळीला असताना चोर शिरला होता. स्वप्नाली आमच्या सोनूचं तोंड दाबून कॉटखाली पडून राहिली. सोनू चार वर्षांची, तिला तो खेळच वाटला. तेव्हापासून दोघी औशाला माझ्या सासुरवाडीला आहेत, आणि तिथंही स्वप्नालीला धड झोप नाही. मी घरात नसताना तिला गाढ झोप लागेल असं घर मला हवंय. फरशी कसलीही चालेल.

शुक्रवार, ९ जानेवारी

आज मालक भेटले, दौलतराव. ही जमीन त्यांचीच होती. बिल्डरनं बदल्यात त्यांना काही फ्लॅट दिले, त्यातला हा एक. मी भागाबद्दल खोदून खोदून विचारलं. ते म्हणाले, "आमच्याकडं चोरी न्हाई. घर तेवढं सुनं ठेवू नका." मी म्हणालो, एकटा माणूस कामाला गेल्यावर घर सुनं राहणारच की. तर म्हणाले, "मंग कुनाला तरी सांगून जावा, राव."

शेजारच्या सुमनताई नुसती कडी लावून बाजारात जातात. भोसरीत हे स्वप्नातसुद्धा जमलं नसतं. भाग मला पसंत आहे, आणि माझ्यासारख्या आत्याबाईनं हे इतक्या लवकर कबूल करणं म्हणजे नवलच.

मंगळवार, १३ जानेवारी

काल तिसरी शिफ्ट सुरू झाली. कंपनीत रिलिव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, आल्याशिवाय मशीन सोडता येत नाही. आपण चार्ज द्यायचा, त्यानं 'घेतला' म्हणायचं, मग आपण सुटलो. काल कुलूप लावताना दौलतरावांचं बोलणं आठवलं आणि गंमत म्हणून रिकाम्या घराला म्हणालो, "चार्ज घे रे भावा, मी निघतो."

सकाळी आलो तर पिंप भरलेलं. इथं नळाला पाणी पहाटे येतं, तेव्हा मी कंपनीत. बहुतेक मीच आदल्या दिवशी भरून विसरलो असेन. गादीही कोमट होती, ऊन आलं असेल. झोप झकास लागली.

गुरुवार, १५ जानेवारी

गॅलरी पश्चिमेला आहे. सकाळी तिथून ऊन येतच नाही.

आजही गादी कोमट होती. उशीला डोक्याचा खळगा होता. आणि सुमनताईंनी विचारलं, काल तिळगूळ आवडला का? म्हणे काल संक्रांतीला पहाटे दूध आणायला जाताना त्यांनी तो माझ्या हातात दिला, मी गोड बोललो, हसलो. पहाटे मी मशीनवर होतो. ओट्यावर अर्धा खाल्लेला लाडू सापडला.

दौलतरावांकडे दुसरी चावी असणार. कुणीतरी माझी मजा करतंय.

शनिवार, १७ जानेवारी

नवं कुलूप बसवलं, चावी फक्त माझ्याकडे. तरी सकाळी माझे कपडे धुऊन वाळत घातलेले होते, शर्ट उलटे करून, मी वाळत घालतो तसेच. माझा ब्रश ओला होता.

दौलतरावांकडे गेलो. भांडायच्याच तयारीत होतो. ते शांतपणे म्हणाले, "तुमीच ठेवला की मानूस. हितं सगळेच ठेवत्यात. म्हनून तर चोर येत न्हाई." घालवायचा कसा, असं मी विचारलं. म्हणाले, "त्ये आजवर कुनी इचारलंच न्हाई."

मला भीती वाटतेय. लिहायला लाज कसली.

रविवार, १८ जानेवारी

सुट्टी. घरभर फिरून ओरडून सांगितलं, जा म्हणून.  पण मी जेवायला बसलो की पलीकडच्या खोलीत कुणी तरी जेवायला बसतं.

स्वप्नालीला फोन करून सांगितलं, हे घर नको, येऊ नको. कारण सांगता येईना. ती चिडली. म्हणाली, तुम्हाला जन्मात घर पसंत पडणार नाही, आम्ही इथंच म्हाताऱ्या होणार. आणि फोन ठेवला.

सोमवार, १९ जानेवारी

पहिली शिफ्ट. निघताना तोंडातून शब्द काढला नाही. बसमध्ये बसून वर बघितलं. गॅलरीत मी उभा होतो. माझा शर्ट, माझी उभं राहायची ढब. बस सुटेपर्यंत बघत होता.

दिवसभर विचार केला. मी चार्ज दिला, पण परत कधी घेतलाच नाही. रोज येऊन नुसता झोपलो. कंपनीत नव्या पोरानं असं केलं तर त्याला मेमो मिळतो. मी इतकी वर्षं मशीनवर काढून हेच विसरलो. त्याला कुणी सोडलंच नाही, मग तो जाईल कसा.

आज घरी जायची हिंमत झाली नाही. मित्राच्या खोलीवर आहे. उद्या जाईन आणि चार्ज मागेन.

मंगळवार, २०

शिफ्ट सुटली. फोन आत नेऊ देत नाहीत, आत्ता गेटवर परत मिळाला. स्वप्नालीचा मेसेज सकाळचा. मला समजवायला ती सोनूला घेऊन रात्रीच्या गाडीनं आली. 'तुम्ही रागावला नाहीत, बरं वाटलं. घर छान आहे. सोनू तुमच्या मांडीवर झोपली. मीपण पडते जरा.' सोबत फोटो. सोनूच्या केसांवर माझा हात. अंगठ्यावर भाजल्याचा डाग, तोही माझाच.

फोन उचलत नाही. झोपली असेल. इतकी गाढ—

जिन्यात

चावी लागली, पण आतून कडी. बेल वाजवली. स्वप्नाली दारामागे आली, भोकातून बघितलं. मी म्हणालो, मी आहे, धनेश. ती किंचाळली. मग आतून माझाच आवाज म्हणाला, घाबरू नको, मी आहे ना. आणि ती शांत झाली. भोसरीनंतर मला हे एकदाही जमलं नाही—

चार्ज दे म्हणालो. तीनदा म्हणालो. पावलं दारापाशी आली. हळूच म्हणाला, मी ओळखत नाही तुला.

सुमनताई बाहेर आल्या. विचारतात, कोण पाहिजे? धनेशभाऊ घरीच आहेत की. दार लावून घेतलं त्यांनी. मी आता कसा दिसतो— हात माझेच आहेत, पण डाग— अंगठ्यावर डाग नाही—

सोनू उठली. विचारतेय, बाबा, बाहेर कोण रडतंय? तो म्हणाला, कोणी नाही गं.

ओरडतोय, आवाज निघत नाही. आत माझा आवाज तिला गोष्ट सांगतोय, ती हसतेय. लिहून ठेवतो, विसरायच्या आत. सोनूचा बाप मी. माझं नाव ध