स्वच्छ धुतलेल्या बाटल्या

तीर्थस्वरूप आत्यास,

शिरसाष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? (डाव्याबद्दल विचारतो आहे, उजवा बरा असल्याचं तू मागच्या पत्रात लिहिलं होतंस.) काकांचा खोकला थांबला नसेल तर त्यांना माळा झाडायला लावू नकोस. आमच्या अभ्यासक्रमात धुळीवर एक पूर्ण धडा आहे. तो वाचल्यापासून मी झाडू जपून धरतो.

मी खुशाल आहे. एवढं वाक्य खरेपणाने लिहिता येईना, म्हणूनच पत्राला उशीर झाला. शाळा अर्धवट सोडून चार वर्षं बाबांच्या गोदामात खोकी मोजलेला मी, बारावी बाहेरून देऊन पर्यावरणशास्त्राच्या पदवीला बसलो, ते तू बाबांशी भांडलीस म्हणून. त्यांची अट तुझ्यासमोरच ठरली होती: एक वर्ष जरी वाया गेलं तरी परत गोदाम. आणि शेवटच्या वर्षी सगळं घोडं येऊन अडलं ते प्रकल्पावर.

गावाबाहेरच्या ओढ्याचं पाणी, वरच्या झऱ्यापासून खालपर्यंत, पाच ठिकाणी बाटलीत भरायचं, प्रयोगशाळेत आणून त्यात औषध घालायचं. पाण्यात फॉस्फेट, म्हणजे बहुतेक करून साबणाचा अंश, असेल तर ते निळं होतं. जितकं जास्त, तितकं गडद. मी आठ आठवडे पाणी आणलं (दर सोमवारी, त्याच पाच दगडांवर उभा राहून, दगडांना खडूने खूण केली होती), आणि पाचही बाटल्या दर वेळी शाईसारख्या निळ्या. ओढ्याच्या मध्यावर एक लॉन्ड्री आहे. मी अकरा पानं लिहून तिला दोषी ठरवलं. पण माणसाला न सांगता त्याच्याविरुद्ध लिहिणं बरं नव्हे, म्हणून आधी आलेख घेऊन लॉन्ड्रीवाल्यांकडे गेलो. त्यांनी इस्त्री बाजूला ठेवून आलेख नीट पाहिला आणि म्हणाले, “वरच्या झऱ्यातही माझाच साबण? पाणी चढ चढून जातं होय रे, शास्त्रज्ञ?”

तसाच आलेख घेऊन प्रकल्पाच्या मॅडमकडे गेलो. त्यांनी प्रयोगशाळेतलंच शुद्ध पाणी माझ्या एका रिकाम्या बाटलीत भरायला लावलं आणि औषध घातलं. ते ओढ्यापेक्षा निळं झालं.

“बाटल्या कशाने धुतोस?”

मी (जरा अभिमानानेच, आत्या) सांगितलं की कपडे धुण्याच्या पावडरने, ब्रशने, तीन वेळा.

मॅडमनी ती निळी बाटली माझ्या हातात दिली. मग म्हणाल्या, “त्या लॉन्ड्रीवाल्याची माफी माग आधी.”

आठ आठवड्यांची मोजणी पाण्यात गेली. बाकीच्या मुलांनी बाटल्या नुसत्या विसळून घेतल्या होत्या. त्यांचं काही बिघडलं नाही. मुदत संपायला तीन आठवडे होते. बाटल्या या कामासाठी साबणाने नव्हे, आम्लाने धुतात हे पुस्तकात होतं, पण ‘स्वच्छता’ या धड्यात आपल्याला काय शिकायचं आहे, म्हणून मी तो वगळला होता. तीन आठवडे एक दिवसाआड ओढ्यावर गेलो. लॉन्ड्रीवाले प्रत्येक वेळी काठावर हजर. “साबण नाही ना लावलास?” असं ते इतक्या काळजीने विचारत की जणू प्रकल्प त्यांचाच होता. झऱ्याचं पाणी या वेळी काचेसारखं राहिलं. लॉन्ड्रीखाली किंचित निळसर झालं, पण मर्यादेच्या आत. त्यांनी ते स्वतः डोळ्यांनी पाहिलं आणि मला चहा पाजला.

काल तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, स्वतःची चूक पहिल्याच पानावर का लिहिली? मी म्हणालो, शेवटच्या पानावर जागा नव्हती. ते हसले. मी पास झालो, आत्या. आज दोन वेळा जेवलो.

काकांना नमस्कार.

तुझा भाचा

ता. क. हे पत्र शेजारच्या खोलीतल्या मित्राच्या हाती पाठवतो आहे, कारण ते टपालाच्या आधी पोचायला हवं. परीक्षेच्या आदल्या दिवशी धीर सुटून मी बाबांना लिहिलं की मी नापास होणार हे नक्की, गोदामातली जागा कुणाला देऊ नका. तू बाबांच्या दारासमोरच राहतेस, तेव्हा पोस्टमनला जिन्यातच गाठ आणि ते पाकीट काढून घे.

ता. क. २. आत्ता आठवलं. पत्र गहाळ होऊ नये म्हणून मी ते रजिस्टर केलं आहे, त्यामुळे बाबांच्या सहीशिवाय मिळणार नाही. तर तू पोस्टमनऐवजी बाबांनाच गाठ.