अप्पांची उघडी कार्डं

हेब्बाळ, बेंगळूर
८ मे १९९५

ती. सौ. मुग्धाताई यांस,

सुचेताचा उभ्याउभ्याच नमस्कार. साष्टांग घालायची रीत मला ठाऊक आहे, पण साष्टांग घालण्याइतकी मोकळी फरशी सध्या आमच्या घरात नाही. हॉलमध्ये शिडी आहे, पॅसेजमध्ये पत्र्याच्या पन्हळीचा उरलेला तुकडा आडवा पडला आहे आणि देवघरासमोर सिमेंटचं अर्धं पोतं आहे (बाहेर ठेवलं तर ओल लागेल, असा अप्पांचा हुकूम, देवांना ओल चालते की नाही हे कुणी विचारलं नाही). तेव्हा हाच नमस्कार गोड मानून घ्या. वासुदेवरावांचा गुडघा आता कसा आहे? तुमचं पित्त? नागपूरचा उन्हाळा काय म्हणतो हे मात्र विचारत नाही. तो काय म्हणतो ते तुमच्या पोस्टकार्डातून आम्हा सर्वांना कळलं, आणि त्या पोस्टकार्डाबद्दल मला पुढे बोलायचंच आहे.

आई-अप्पा मजेत आहेत. दोन एप्रिलला मिरजेहून आले ते आठ दिवसांसाठी. आईंची एक पिशवी आणि अप्पांच्या तीन. त्यांतल्या दोन उचलून ठेवताना रिक्षावाल्याने शुभंकरकडे संशयाने पाहिलं (आत पाने, करवत, ओळंबा आणि तीन मापांचे हातोडे होते). नातीला बघायला आलोय, असं अप्पा दारातच म्हणाले. त्यांनी स्मृतीकडे बघितलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तोच हात पुढे नेऊन दाराची चौकट चाचपली. चहा होईपर्यंत त्यांना घरात दहा दोष सापडले होते. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सत्तावीस. या घरात आम्ही दोन वर्षं राहतोय आणि इतके दिवस आमची समजूत होती की घर नवीन आहे.

तुम्ही त्यांच्या लेक, तेव्हा एस.टी.च्या वर्कशॉपातलं जॉबकार्ड हा काय प्रकार असतो ते तुम्हाला माहीत. मी सून, मी फक्त ऐकून होते. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी शाल-श्रीफळाबरोबर कोऱ्या कार्डांचा जो गठ्ठा गमतीने भेट दिला होता, तो अप्पांनी गमतीत घेतलेला नाही. प्रत्येक दोषाचं एक पिवळं कार्ड झालं. वर ‘वाहन क्रमांक’ या जागी आमच्या घराचा नंबर, खाली तक्रार, मग कारण, मग केलेलं काम आणि सर्वांत खाली फोरमनची सही. सही म्हणजे काम संपलं. सहीची जागा कोरी असेपर्यंत कार्ड उघडं, आणि उघडं कार्ड टाकून फोरमनने डेपो सोडायचा नाही, हा त्यांचा तीस वर्षांचा नियम. सत्तावीस कार्डं हॉलमध्ये दोरीला कपड्यांच्या चिमट्यांनी लटकली. पाहुणे आले की त्यांना वाटायचं स्मृतीचा वाढदिवस आहे. एक कार्ड शुभंकरचंही होतं. तक्रार: रविवारी सुरू होत नाही. कारण: चालक झोपेत. (तुमचा भाऊ बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात केसाच्या शतांश भागाइतकी चूक पकडतो म्हणे, पण घरात एक कॅलेंडर त्याने सरळ टांगलेलं नाही. घर शहराच्या एका टोकाला, कारखाना दुसऱ्या टोकाला. सहाच्या कंपनी-बसने जातो आणि रात्री जेवायला येतो, म्हणून इतर दिवशी त्याच्यात दोष सापडत नाही.)

सामान आणायला कोपऱ्यावर कृष्णमूर्तींचं हार्डवेअरचं दुकान आहे. पहिल्याच दिवशी अप्पांनी बिजागरी मापून पाहिली आणि ती दोन सूत, म्हणजे पाव इंच, लांब भरली. कृष्णमूर्ती म्हणाले, ‘स्वल्प अड्जस्ट माडी, सार.’ अर्थ मी सांगितला, की थोडं जुळवून घ्या. अप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि मला म्हणाले, ‘त्यांना सांग, मी आजवर जुळवून घेतलं असतं तर कोल्हापूरची गाडी पंचगंगेत गेली असती.’ मी काही सांगितलं नाही, पण कृष्णमूर्तींना चेहऱ्यावरून समजलं असावं. त्यांनी दुकानाचे खण उपसून नेमक्या मापाची बिजागरी काढली. त्या दिवसापासून दोघं रोज अकरा वाजता एक कॉफी दोघांत घेतात. अप्पा मराठीत बोलतात, ते कन्नडमध्ये. परवा अप्पा घरी येऊन ‘सरी, सरी’ (कन्नडमध्ये ‘बरं, बरं’) म्हणत चपला काढत होते. स्मृती मात्र उलट्या दिशेने निघाली आहे. शाळा, गल्ली, सगळीकडे कन्नड आणि इंग्रजी बोलणारी ही मुलगी आता भाकरी बघून ‘दोन सूत जाड झाली’ असं शुद्ध मराठीत सांगते.

आता पन्हळीची हकीगत. इथे एप्रिल-मेमध्ये दुपारी अचानक पाऊस येतो. ते गच्चीचं पाणी वाया जाऊ नये, पन्हळीतून थेट आईंनी मागे नुकत्याच आखलेल्या वाफ्यांत जावं, अशी अप्पांची योजना. काम चोख झालं. पण पावसाची वाट बघणं त्यांच्या शिस्तीत बसत नाही. गाडी रस्त्यावर काढण्याआधी चाचणी हवी. म्हणून त्यांनी गच्चीवरच्या टाकीचा मोठा नळ सोडला (आमच्याकडे पाणी दिवसाआड येतं, आणि ते नुकतंच येऊन गेलेलं होतं). पन्हळीने वळणापर्यंत पाणी व्यवस्थित नेलं. वळणावर तिचा सांधा सुटला आणि सगळा लोंढा भिंतीपलीकडे राजलक्ष्मीअक्कांच्या अंगणात गेला. तिथे त्यांनी पांढऱ्या धोतरावर वर्षभराचे सांडगे वाळत घातले होते. मी पोचले तेव्हा सांडगे गटाराकडे निघाले होते आणि अक्का हातात झाडू घेऊन नुसत्या उभ्या होत्या. अप्पा शिडीवरून खाली उतरले, त्यांच्या अंगणात गेले आणि हात जोडून मराठीत म्हणाले की चूक फोरमनची आहे. मग घरी येऊन त्यांनी स्वतःच्या नावाचं कार्ड भरलं. कारण: घाई. ते दोरीवर सगळ्यांच्या पुढे लावलं.

भरपाई आईंनी केली. दोन दिवस अक्कांच्या अंगणात बसून दोघींनी नवे सांडगे घातले, वर आईंनी आपल्या गव्हाच्या कुरडयाही करून दिल्या. अक्कांना मराठी येत नाही, आईंना कन्नडचा गंध नाही, आणि दोघी दिवसभर बोलत होत्या. त्यातून आईंना दोडक्याचं बी मिळालं, कारल्याची रोपं मिळाली आणि मोगऱ्याची एक फांदी मिळाली. मिरजेला दुसऱ्या मजल्यावर डब्यातल्या तुळशीपलीकडे त्यांना काही लावता आलं नाही, हे तुम्ही जाणताच. इथे मागे दोन खाटांएवढी जमीन आहे. तेवढ्यात त्यांनी अळू, मिरच्या, दोडका, कारली सगळं बसवलं. वेलांसाठी अप्पांनी उरलेल्या लोखंडी पट्ट्यांचा मांडव केला. त्यावर कारलीच काय, वेळ आली तर एखादं इंजिनही टांगता येईल. आई सकाळी उठून तोंड धुण्याआधी वेलापाशी जातात. काल पहिलं पिवळं फूल दिसलं, तर मला हात धरून बाहेर नेलं.

माझं म्हणाल तर मी पार दमले आहे. पोळी तव्यावर असते आणि बाहेरून हाक येते, ‘सुचेता, जरा टॉर्च धर.’ मी कढईत फोडणी टाकते आणि स्टुलाखालून हाक येते, ‘सुचेता, पाना दे, मोठा नको, मधला.’ अप्पांच्या आठ दिवसांचे पाच आठवडे झाले. एप्रिल संपता संपता सत्तावीसच्या सत्तावीस कार्डांवर आणि अप्पांच्या स्वतःच्या अठ्ठाविसाव्यावर सही झाली (शुभंकरच्या कार्डावरही, ‘दुरुस्ती अशक्य, वापर चालू ठेवावा’ असा शेरा मारून). दोरी मोकळी झाली. आणि नेमकं तेव्हाच तुमचं पोस्टकार्ड आलं, की नागपूरला कूलरचा पंप बंद पडलाय आणि दुरुस्ती करणारा चार दिवस फिरकला नाही. अप्पांनी ते दोनदा वाचलं आणि शुभंकरला वीस तारखेची नागपूरची तिकिटं काढायला लावली.

पण घराला काय झालंय कोण जाणे. दोरी मोकळी झाल्यापासून रोज काहीतरी बिघडतंय. आधी सिंकचा नळ गळायला लागला, आतला वॉशरच नाही. मग दाराची घंटा वाजेना. मग झोपाळ्याचा एक बोल्ट दिसेनासा झाला. परवा स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी लोंबायला लागली, तिचे दोन्ही स्क्रू गायब. पुन्हा चार कार्डं लटकली आहेत. ‘कारण’ या रकान्यात अप्पांनी चारही ठिकाणी लिहिलंय, ‘घर स्थिरावत आहे.’ एकीकडे ती कार्डं, दुसरीकडे तुमचा कूलर, अशी त्यांची ओढाताण चालली आहे. तुम्ही त्यांना घेऊन गेलात तर माझी फरशी मला परत मिळेल. आईंना सोबत न्यालच. वासुदेवरावांना नमस्कार.

तुमची,
सुचेता

ता. क. इथवरचं पत्र मी अप्पांना वाचून दाखवलं. त्यांनी एकच दुरुस्ती सुचवली, पहिल्या दिवशी दोष दहा नव्हे, अकरा होते. आता ते कृष्णमूर्तींकडे कॉफीला गेलेत, म्हणून खरं लिहिते. वॉशर मी काढला. घंटेची तार मी सोडवली. झोपाळ्याचा बोल्टही मीच काढला. पाना कसा धरायचा ते त्यांनीच मला शिकवलं होतं, ते कामाला आलं. ताई, तुम्ही गेल्या दिवाळीत मिरजेला अप्पांना पाहिलंत ना? टीव्ही बंद असला तरी त्याच्यासमोर बसलेले. तेच अप्पा इथे सकाळी सहाला खाकी पँट चढवून शिट्टी वाजवतात. आणि दुसरं माझं. मी अकरावीत असताना माझे वडील गेले. ‘सुचेता, जरा टॉर्च धर’ असं मला त्यानंतर कुणी म्हटलं नव्हतं. पोळी करपली तरी मला ते रोज ऐकायचं आहे.

ता. क. २. तेव्हा विनंती अशी. कूलर तुम्ही तिथल्याच कुणाकडून दुरुस्त करून घ्या आणि अप्पांच्या नावाने मोठ्या अक्षरांत पोस्टकार्ड टाका, की कूलर सुरू झाला, घर गार आहे, काळजी नसावी. तुमच्या फाटकाची कुरकुर, गच्चीची गळती यांतलं एक अक्षर लिहू नका. तुमचा कूलर दोन दिवसांचं काम, पुढे ते पुन्हा बंद टीव्हीसमोर बसतील. शिवाय आईंचं कारलं अजून फुलात आहे, त्यांना पहिली भाजी इथेच करायची आहे, आणि त्या स्वतःच्या तोंडाने हे कधीच म्हणणार नाहीत. जून संपेपर्यंत त्यांना मला द्या. पुढच्या उन्हाळ्यात मी हक्क सांगणार नाही.

ता. क. ३. पाकीट चिकटवण्याआधी कैरीच्या लोणच्याला मेथी घ्यायला उठले. काढलेला माल मी मेथीच्या डब्यात लपवते, कारण त्या डब्याला माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही, निदान मला तसं वाटत होतं. आत माझा वॉशर होता, बोल्ट होता. त्यांच्याशेजारी एक पिवळी पुडी होती, ती मी ठेवलेली नाही. उघडली तर आत खिडकीच्या कडीचे दोन स्क्रू. ती कडी मी मोडलेली नाही, हे वर लिहायचं राहून गेलं होतं, कारण मी समजत होते की ती खरोखरच मोडली. पुडी म्हणजे एक जॉबकार्ड आहे, अप्पांच्या अक्षरातलं. वाहन क्रमांक आमच्या घराचा. तक्रार: काही नाही. केलेलं काम: सुटे भाग सूनबाईंच्या डब्यात जमा, घाई नाही. आणि खाली सहीची जागा कोरी.