बाबांनी घासलेली जोडी

ता. ९, सोमवार

ती. ताईस,
धाकट्याचा नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. इकडे सगळं ठीक आहे. आईच्या गुडघ्याची सूज उतरली, पण वर चढताना ती अजून जिन्याला शिव्या घालते. लेथचा पट्टा बदलला. फोनवरच उत्तर दिलं असतं, पण फोनवर तू मध्येच हसतेस आणि माझं निम्मं सांगायचं राहून जातं. म्हणून लिहितो.

शर्यतीच्या गाडीला जादा जोरासाठी नायट्रसचा वायू लावायचा, तर इंजिनच्या सिलिंडरांवर झाकण म्हणून कोणती हेड बसवावीत, असं तू विचारलंस. क्रमाने सांगतो. जांभई आली तरी वाच.

भावजी म्हणतात, हवा आत जायची वाट जितकी मोठी तितकी ताकद जास्त. साध्या इंजिनाला ते बरंचसं खरं आहे. पण नायट्रस स्वतःचा प्राणवायू बरोबर घेऊन येतो, त्याला आत यायला फार मोठं दार लागत नाही. अडचण होते ती बाहेर पडताना. जळून झालेला वायू वाढतो, आणि तो वेळेत निघाला नाही तर पुढच्या घासाला जागाच उरत नाही. नवे पाहुणे बोलावण्याआधी आधीचे कधी उठणार ते बघावं, तसं आहे हे. म्हणून एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह मोठा असलेली हेड बघ. भावजींना माझं नाव सांगू नकोस, नाहीतर ते मला पुन्हा 'फूटपट्टी' म्हणतील.

दुसरं, हेडचा तळ जाड हवा. तू नायट्रसचं बटण दाबलंस की सिलिंडरमधला दाब एकदम चढतो. तळ पातळ असला तर हेड केसभर उचललं जातं आणि गॅस्केट फुटतं. तिसरं, बीडाचं ओतीव लोखंड की ॲल्युमिनियम. बीड दणकट खरं, पण ते उष्णता धरून बसतं आणि नायट्रसला उष्णतेचं वावडं आहे. पेट्रोल ठिणगीची वाट न बघता आपणच पेटतं आणि पिस्टनला भोक पडतं. ॲल्युमिनियमच घे.

आपल्या पार्टवाल्याकडे अशी तयार जोडी आहे. दिसायला ओबडधोबड आहे, पण तळ जाड आहे आणि मी स्वतः सगळीकडून मोजली आहे. तीच लाव.

इथे पत्र संपवून पाकीट चिकटवणार होतो. पण तू शेवटी लिहिलं आहेस, "आई म्हणाली, बाबा माझ्यासाठी हेडची जोडी घासतायत. खरं असेल तर रविवारी तीच लावून उतरेन, दुसरी नको." त्याला मी अजून हातच घातलेला नाही.

खरं आहे. पावसाळ्याआधीपासून हेडमधल्या वायूच्या वाटा घासून रुंद करत होते. मला म्हणाले होते, गिऱ्हाईकाचं काम आहे. कुठल्या गिऱ्हाइकाचं काम ते फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवतात? तू शर्यतीत गाडी चालवणार म्हटल्यावर घरात जे झालं, त्यावर त्यांनी इतक्या दिवसांत एक अक्षर काढलेलं नाही. हेड घासणं हेच त्यांचं बोलणं होतं, असं मला वाटतं. काम इतकं सुंदर झालं होतं की आत बोट फिरवलं तर काचेवरून फिरवल्यासारखं वाटायचं.

बाबा त्या वाटांच्या भिंतीची जाडी कशी ओळखतात ते तुला ठाऊकच आहे. घासत जायचं, मध्येच पितळी कांडीने ठोकायचं आणि ऐकायचं. 'धातू सांगतो, आता पुरे.' त्यांनी उभ्या जन्मात दुसरं माप वापरलं नाही आणि त्यांचं काम कधी परत आलं नाही. तरीही काम तुझ्यासाठी आहे म्हणून माझ्या जिवाला चैन पडेना. ते जेवायला गेले तेव्हा पाइपवाल्याकडून जाडी मोजायचं मीटर आणून लावलं.

एक्झॉस्टच्या एका वाटेची भिंत नखासारखी पातळ निघाली, ताई. तिच्या पलीकडे इंजिन थंड ठेवणारं पाणी खेळतं. नायट्रसची आच लागली की ती फुटणार, पाणी एक्झॉस्टच्या नळीतून थेट मागच्या टायरखाली येणार, आणि त्या वेळी तू कुठल्या वेगात असशील ते मला लिहायचं नाही.

मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, मीटरला काय कळतं. मग माझ्यासमोर ती आणि शेजारची अशा दोन्ही भिंती ठोकल्या आणि म्हणाले, सारख्याच आहेत. मी दारात उभा होतो. मला तिथून फरक ऐकू आला. जाड भिंत ठक्क बोलत होती, पातळ भिंत वाटीसारखी वाजत होती. त्यांनी परत ठोकलं. मग गाल हेडला टेकेपर्यंत वाकले आणि परत ठोकलं. मग कांडी खाली ठेवली.

हात पुसून झाल्यावर म्हणाले, "ही तिला द्यायची नाहीत. विचारलं तर सांग, बापाचा राग गेलेला नाही."

मी म्हटलं, असं का सांगायचं?

"रागावलेला बाप पोरांना चालतो. बहिरा मिस्त्री कुणाला चालत नाही."

मी बरं म्हटलं. शब्द दिला. दुपारपासून तेच एक वाक्य लिहायचा प्रयत्न करतो आहे, चार कागद वाया घालवले. पण मी तुला ओळखतो. राग आहे असं कळलं तर तू हट्टाने येऊन तीच जोडी उचलून नेशील. आणि नाही नेलीस, तरी परत या घरात पाऊल ठेवणार नाहीस. गेल्या महिन्यात तू फोन केलास, बाबा दोनदा 'हं' म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवून दिला. तू आईजवळ रडलीस. त्यांना तू काय बोललीस तेच कळलं नव्हतं, गं. ते दिवसभर फोनकडे बघत होते.

तयार जोडी उद्याच्या टेम्पोने पाठवतो. बोल्ट दोनदा तपासून घे, आणि पहिल्या फेरीला नायट्रस कमीच सोड.

शर्यत झाली की ये. निकाल काहीही लागो, ये. दारातून हाक मारू नकोस. समोर बस, तोंड त्यांच्याकडे ठेव आणि हळू बोल. मी लिहिलं असं दाखवू नकोस. त्यांना ते कळेल, पण कळलं असं तेही दाखवणार नाहीत.

बाबांना दिलेला शब्द एक रात्रही न टिकवलेला,
तुझा धाकटा