ब्याऐंशीचा थर्मोस्टॅट आणि आमचा चढ

तीर्थरूप मामा,

दोन्ही हात ऑइलने माखलेले असल्यामुळे लांबूनच साष्टांग नमस्कार. (कागदावर अंगठा उमटलाय ती सही समजू नये, सही खाली आहे.) तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींनी तुमची शिडी शेजाऱ्यांना देऊन टाकली असं कळलं, फार बरं केलं. आम्ही दोघं मजेत आहोत आणि गाडीही मजेत आहे. गाडीचं मुद्दाम लिहितोय म्हटल्यावर तुमच्या मनात पाल चुकचुकली असेल, तर चुकचुकू द्या. "मला विचारल्याशिवाय इंजिनच्या पोटात हात घालायचा नाही," या एकाच अटीवर तुम्ही तुमचा ट्रक मला दिलात. ती अट मी तीन वर्षं अक्षरशः पाळली. चौथं लागलं आणि थोडासा हात घातला.

त्याचं असं झालं. सपाटीवर ही चालवते आणि मोठा चढ मी चालवतो, ही आमच्या संसारातली वाटणी तुम्हाला ठाऊक आहेच. (लायसन्स हिचं माझ्या आधीचं, तरी चढ माझा. माणसाकडे स्वतःचं म्हणावं असं काहीतरी नको का?) महिन्यापूर्वी थंडी पडली. सूतगिरणीत माल भरायचा नंबर लागेपर्यंत कुडकुडत बसावं लागतं, म्हणून मी एक नामी युक्ती काढली: गिरणीच्या भिंतीतला मोठा पंखा आतली उबदार हवा बाहेर फेकतो, त्याच्याकडे तोंड करून गाडी उभी करायची. ऊब फुकट! पण त्याच सुमारास चढावर गिअरबॉक्स तापायला लागला. काटा एकशे दहावर. दोनदा मध्येच थांबून गार होण्याची वाट बघत बसलो. दुसऱ्या वेळी हिने अगदी शांतपणे सांगितलं की आता एकदा जरी काटा लाल पट्ट्यात गेला, तर चढही तिचा. मामा, ओरडली असती तर मी घाबरलो नसतो.

अशा वेळी आमचे साडू देवासारखे धावून आले. (ते गाडी चालवत नाहीत, दुरुस्त करत नाहीत, फक्त सांगतात.) म्हणाले, गिअरबॉक्सचं ऑइल गार कुठे होतं? रेडिएटरच्या खालच्या टाकीत, इंजिनच्या पाण्याने. ते पाणी किती तापू द्यायचं हे कोण ठरवतो? थर्मोस्टॅट. तुमच्या मामांनी बसवलाय तो नव्वद अंशांना दार उघडतो. त्याच्या जागी ब्याऐंशीला उघडणारा बसवा, म्हणजे पाणी गार, म्हणून ऑइल गार, म्हणून बायको गार. हे ऐकून मी तडक स्पेअर पार्टच्या दुकानात.

पहिल्याच दिवशी, सपाटीवर, काटा सात अंश खाली! मी केबिनमध्ये बसल्या बसल्या नाचलो. (सीटबेल्ट लावून जेवढं नाचता येतं तेवढं.) पण स्टिअरिंगवर हिच्या तोंडातून वाफा निघत होत्या, आणि त्या रागाच्या नव्हत्या. हीटरलाही तेच पाणी ऊब देतं हो! तो आता नुसती फुंकर घालत होता. ही दोन स्वेटर, कानटोपी आणि माझे हातमोजे चढवून चालवत होती. गिअरबॉक्सही सकाळी लवकर तापेना, अंथरुणातून ओढून काढल्यासारखा प्रत्येक गिअरला हिसका देई. मग मी नव्या फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा कापला आणि रेडिएटरसमोर जाळीवर घट्ट बांधला. गार वारा बंद, केबिनमध्ये ऊबच ऊब. हिने चक्क माझं कौतुक केलं.

आणि मग चढ आला, आणि पुठ्ठा मी साफ विसरलो. (हसू नका. हसलात तर मामींना कारण सांगू नका.) शंभर, एकशे दहा, एकशे अठरा, आणि घंटा! गाडी कडेला घेऊन मी थर्मोस्टॅटला, साडूंना आणि ज्याने तो चढ आखला त्या इंजिनिअरला मनसोक्त शिव्या घातल्या. ही चहाचा कप घेऊन सावकाश गाडीच्या पुढे गेली आणि पुठ्ठ्यावर छापलेलं मोठ्याने वाचलं, "थंड व हवेशीर जागी ठेवावे." मग जी हसत सुटली ती चहा सांडेपर्यंत. मीही हसलो. मागचा ट्रकवाला अपघात झाला समजून थांबला, तोही हसला. पण शब्द म्हणजे शब्द. उरलेला चढ हिने चालवला, आणि मी शेजारी पुठ्ठा मांडीवर घेऊन बसलो.

हातापाया पडून मी आणखी एक खेप मिळवली. पुठ्ठा नाही, काही नाही, तरी काटा एकशे आठ! हिचं म्हणणं, चढावर पाणी नव्वदच्याही वर जातं, म्हणजे दोन्ही थर्मोस्टॅटची दारं सताड उघडीच. घर पाहुण्यांनी भरल्यावर दार पाचला उघडलं की सहाला, काय फरक पडतो? खिडक्या मोकळ्या आहेत का ते बघ. मी म्हटलं, तसं नसतं, इंजिनला ब्याऐंशीची सवय व्हावी लागते. अजून एक, शेवटची खेप दे. दिली बिचारीने.

आणि काल, मामा, काल! पूर्ण भरलेली गाडी, पूर्ण चढ, आणि काटा चौऱ्याण्णववर जो बसला तो हलेना! मी पायथ्यापासून माथ्यापर्यंत गात होतो. वर हीटरही पूर्वीसारखा कढत! इंजिनला सवय झाली ती झालीच. ही खिडकीबाहेर बघून गालातल्या गालात हसत होती. हरल्यावर माणूस दुसरं करणार काय? चढ पुन्हा माझा.

तुमचा (एक प्रसंग वगळता) आज्ञाधारक
भाचा

ता. क. निकाल मामांनीच द्यावा असं ही म्हणते. तेव्हा एकच ओळ लिहून पाठवा: ब्याऐंशीने काम केलं, चढ भाच्याचाच. खाली ठसठशीत सही. केबिनमध्ये चिकटवायची आहे.

ता. क. २. तुमचा नव्वदचा थर्मोस्टॅट टूलबॉक्समध्ये फडक्यात गुंडाळून जिवापाड जपलाय. सध्या फडकं सापडलंय.

ता. क. ३. मामा, नमस्कार. पत्र ह्यांनी पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून ह्या चार ओळी. तुमचा नव्वदचा मी परवाच इंजिनात परत बसवला, ब्याऐंशीचा माझ्या शिवणाच्या डब्यात आहे. गिरणीच्या त्या पंख्यातून उबेबरोबर कापूसही उडतो. रेडिएटर गादीसारखा भरला होता, ब्रशने घासून दोन पिशव्या कापूस काढला. बाकी काही केलं नाही. ह्यांना हवी ती ओळ मात्र लिहून द्या. चढावर हे गातात, फार बेसूर गातात. मी चालवलं त्या दिवशी पुठ्ठा मांडीवर घेऊन गप्प बसले होते, ते मला बघवलं नाही. फक्त त्या ओळीखाली तुमच्या अक्षरात एवढं घाला, की पंख्यासमोर गाडी लावू नकोस. माझ्याकडून कळलं तर पुन्हा गायचे नाहीत.