दोन खुर्च्यांचा वार्षिक पास

तू दुपारच्या झोपेतून उठशील तेव्हा मी तुझ्या भावाच्या चित्रपटगृहात असेन. दूध तापवून झाकून ठेवले आहे.

आज त्याने प्रेक्षकांची सभा बोलावली आहे. तिकिटावर सवलत द्यावी, असा त्याचा विचार आहे आणि मी त्याला विरोध करून वर्षाचा पास सुरू करायला सुचवणार आहे. सवलतीला भुलून आलेला माणूस सवलत संपताच पाठ फिरवतो. वर्षाचा पास घेणारा मात्र, नावे ठेवायला का होईना, पुन्हा येतो. असे प्रेक्षक मिळाले नाहीत, तर चित्रपटगृह विकावे लागेल, हे तुलाही ठाऊक आहे.

तिथे घरच्यांना तिकीट नसते. खुर्च्या मोडक्या आहेत, असे तू म्हणालीस तेव्हा तो चारचौघांत बोलला, "ताई, फुकटात बसतेस, वर नखरे कसले?" त्यानंतर तू तिथली पायरी चढली नाहीस, ते योग्यच केलेस. परंतु पास घेणाऱ्याला असे कोणी बोलू शकत नाही.

म्हणून पहिला पास मीच घेणार, दोन खुर्च्यांचा, आणि दुसऱ्या खुर्चीसाठी तुझे नाव सांगणार. हरकत असल्यास सभेत येऊन त्याच्यासमोर सांग. घरी मी ती ऐकून घेणार नाही.