पहाटे पाचचे हात

गोहंग, ३ नोव्हेंबर

चि. बोराम हिस अ. उ. आ.

इकडे सगळं ठीक. वर्षाची कोबीची किमची घालून झाली, तुझा डबा वेगळा भरलाय. पण माझं चित्त थाऱ्यावर नाही. काल शेजारच्या दोक्सूच्या आईने चारचौघांत फोन माझ्यापुढे धरला. म्हणाली, बघा तुमची नात, रोज पहाटे पाचला तीनशे परकी माणसं हिला बघत बसतात! वर तुझं नाव आणि खाली नुसते दोन हात. डाव्या अंगठ्यावर कालवं फोडताना लागलेली खूण दिसली आणि ते हात तुझेच हे कळलं. चेहरा का लपवतेस? चांगल्या कामाला तोंड झाकावं लागतं का? मी तिसरीत शाळा सोडलेला माणूस, मला यातलं कळत नाही. जानेवारीत तुझी नर्सिंगची परीक्षा, आणि हे काय चालवलंयस? बंद कर, नाहीतर रविवारी येऊन तुला घरी आणतो. जाड मोजे घालतेस ना?

तुझ्या काळजीने वाळलेला,
आजोबा

ग्वांगजू, ६ नोव्हेंबर

ती. आजोबांस बोरामचा शि. सा. न.

तुमचं पत्र वाचून आधी हसले, मग रडले. माझी खोली तुमच्या होडीपेक्षा लहान आहे. एकटी बसले की हात आपोआप फोनकडे जातो आणि तासभर लोकांची मांजरं बघण्यात जातो. म्हणून पहाटे अभ्यासाला बसताना फोनच समोर उभा करून हातांवर रोखते, ते लोकांना थेट दिसतं. उचलला तर तीनशे जणांना कळेल ना! तेही आपापल्या खोलीत अभ्यासच करत असतात. त्या वेळात कुणी बोलायचं नाही, काही लिहायचं नाही, असा नियम आहे. अभ्यासाला हात पुरतात. शिवाय पहाटेचे माझे केस तुम्हाला ठाऊक आहेत. यामुळेच मी यंदा वर्गात दुसरी आले. हे बंद केलंत तर परीक्षा हातची जाईल. निघण्याआधी फक्त एक तास बघा. दोक्सूच्या आईला म्हणावं, टोमणे पुरे, फोन लावून द्या.

तुमच्या होकाराकडे डोळे लावून,
बोराम

गोहंग, ११ नोव्हेंबर

चि. बोराम हिस अ. उ. आ.

आलो नाही, पाहिलंस ना? पाचला फोन लावून बसलो. तू लिहीत होतीस, म्हणून मीही आमच्या म्हाताऱ्यांच्या अक्षरवर्गाची वही काढली. दोन पानं झाली. तासभर गप्प बसलो, तुझ्या आजीने हे खरं मानलं नसतं. शेवटी मात्र राहवलं नाही. एका बोटाने लिहिलं: जेवलीस का? आजोबा.

तुझा हात थांबला. तू कागदावर हो लिहून समोर धरलंस. नियम मोडला, आता ती पोरं मला फाडून खाणार, असं वाटलं. तर पडद्यावर सगळ्यांच्या ओळी धावायलाच लागल्या, मला वाचता येईनात. सकाळी वर्ग उघडताच फोन घेऊन तिथे गेलो. बाईंनी त्या ओळी मागे नेऊन मोठ्याने वाचून दाखवल्या: हो आजोबा, जेवलो. हो आजोबा, जेवले. पंधरा म्हातारे ऐकत होते. दोक्सूची आईही होती, तिला मुद्दाम पुढे बसवलं. मी सांगितलं, ते हात माझ्या नातीचे आहेत.

बंद करू नकोस. पण एकीने लिहिलंय, नाही जेवले. ती कोण? तेव्हापासून मला चैन नाही. तिला शोध. आज पाठवलेल्या रताळ्यांतली अर्धी तिची.

पहाटे पाचला हजर असणारा,
आजोबा